‘कळलं का?’ विचारायचं नाही : चौथीच्या वर्गातल्या वाचनाच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा उघडली. यंदा चौथी माझ्याकडे, पट ३६. पुण्यातल्या पर्वतीच्या पायथ्याची वस्ती. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाचे मार्केट यार्डात हमाली करतात. आया धुणीभांडी नाहीतर पोळ्यांची कामं करतात. बहुतेकांच्या घरी मराठी, काहींच्या घरी कानडी, काहींच्या हिंदी.

प्रकल्प म्हणावा असं मोठं काही नाही. परिपाठ संपला की रोज पंधरा मिनिटं वाचायचं आणि वाचलेलं डोक्यात शिरलं की नाही ते बघायचं. नोंदी अशासाठी की जूनमध्ये मूल कुठं होतं ते डिसेंबरात कुणालाच आठवत नाही, मग जो तो सोयीचं आठवतो. मुलांची नावं लिहिणार नाही. बसायच्या जागेवरून ओळख ठेवते: खिडकीवाली, दाराजवळचा, फळ्याखालचा, कपाटाशेजारची. पुढं जागा बदलल्या तरी वहीत हेच.

१८ जून, बुधवार

‘असर’ या मुलांच्या वाचनाच्या पाहणीच्या धर्तीवर एकेकाला जवळ बोलावून वाचून घेतलं: अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. ‘असर’चं सर्वेक्षण २००५ पासून होतंय ते खेड्यापाड्यांत, पुणे शहर त्यात येत नाही, पण ती चार पायऱ्यांची पट्टी शहरातल्या शिक्षिकेनं वापरली म्हणून काही बिघडत नाही. एका मुलाला पाच मिनिटंही लागत नाहीत.

वर्गातली बरीचशी मुलं ‘गोष्ट’ पायरीवर. पाच-सहा जण शब्दांवर अडतात, एक अजून अक्षरांवर. शेजारच्या वर्गावरचे सर आकडे बघून म्हणाले, “मग तुम्हाला काय चिंता? वाचतायत की खडाखडा.” त्या खडाखडाचीच तर आहे.

२० जून, शुक्रवार

पालख्या शहरात. वर्ग निम्मा रिकामा, आलेल्यांचं लक्ष टाळांच्या आवाजाकडे. वाचन नाही.

२३ जून, सोमवार

फळ्यावर लिहिलं:

‘एका गरबुळ्याने काल दोन ढिंपळे मुरकाटले. ढिंपळे फारच झबूक होते, म्हणून गरबुळ्या लोंबाट गेला.’

खाली तीन प्रश्न. गरबुळ्याने किती ढिंपळे मुरकाटले? ढिंपळे कसे होते? गरबुळ्या लोंबाट का गेला?

हात धडाधड वर. तिन्ही उत्तरं पूर्ण वाक्यात, बरोबर. ‘ढिंपळे फारच झबूक होते म्हणून गरबुळ्या लोंबाट गेला.’ कपाटाशेजारचीनं तर वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून खाली रेघही मारली. मग विचारलं, “ढिंपळा म्हणजे काय?” शांतता. एक म्हणाला, पक्षी. एक म्हणाला, गावाकडची भाषा असेल. खिडकीवाली बराच वेळ माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “बाई, तुम्हालाच माहीत नाही ना?”

वर्ग हसला, पण मला हवं ते हातात आलं. ‘ने’ लागला की तो करणारा, ‘म्हणून’च्या अलीकडे कारण, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उचलायचं आणि शेवटी टिंब द्यायचं. मुलांना भाषेचा सांगाडा पक्का कळतो, ही कौतुकाचीच गोष्ट आहे. पण ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ आणि ‘रिकाम्या जागा भरा’ एवढ्या भांडवलावर सुटतात. वर्षानुवर्षं सुटतात. सातवी-आठवीत विज्ञानाचं पुस्तक हातात आलं की मग घरचे म्हणतात, इतका हुशार होता, आता काय झालं.

२५ जून, बुधवार

पंधरा मिनिटांचं ठरवलं ते असं. उतारा ऐंशी ते शंभर शब्दांचा, फळ्यावर नाहीतर कार्डशीटवर मोठ्या अक्षरात. आधी प्रत्येकानं मनात वाचायचं, मग जोडीदाराला हळू आवाजात. त्यानंतर मी एकच प्रश्न विचारणार, आणि त्याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नसणार. पण उताऱ्याशिवाय ते देताही येणार नाही असं हवं. असा प्रश्न काढायला मला उतारा लिहिण्याहून जास्त वेळ लागतो.

लिहिणं अजिबात नाही. लिहायचं म्हटलं की चौथीचं मूल उत्तर आखूड करतं. दोन ओळी विचार केलेला असतो, कागदावर तीन शब्द उतरतात. वही नाही म्हणजे दाखवायला पुरावाही नाही, हे मुख्याध्यापकांना आजच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “निदान तारखा तरी लिहून ठेवा.” त्या या.

आणखी एक: “कळलं का?” हे विचारायचं नाही. त्याला आपल्याकडे एकच उत्तर असतं, तेही सुरात: “होऽऽ बाई.”

२ जुलै, बुधवार

आजचा उतारा वर्तमानपत्रात येतात तशी सूचना, मीच बनवलेली: पर्वती जलकेंद्रातील दुरुस्तीमुळे गुरुवारी शहराच्या दक्षिण भागाचा पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल, नागरिकांनी सहकार्य करावे.

प्रश्न: ही सूचना वाचून बुधवारी संध्याकाळी आईला काय सांगशील?

“पाणी भरून ठेव.” किती? इथून वाद पेटला. एक दिवसाचं, असं अर्ध्या वर्गाचं मत. दाराजवळचा उभा राहिला. त्याचं घर टेकडीच्या चढावर. “बाई, दोन दिवसांचं. कमी दाबाने म्हणजे आमच्याकडे येतच नाही.” खाली राहणाऱ्यांना हे माहीत नव्हतं. मग त्यानं पिंपं किती, कळश्या किती, धाकट्याची अंघोळ कशी रद्द होते ते सांगितलं. हा मुलगा १८ जूनच्या यादीत ‘शब्दांवर अडतो’ या रकान्यात आहे.

“सहकार्य करावे म्हणजे काय करायचं?” असंही विचारून बघितलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “गप बसायचं.”

उतारा कठीण नव्हता, सूचनेची भाषा मात्र पुस्तकी होती, तरी तिच्यात मुलांचं स्वतःचं काहीतरी गुंतलेलं होतं. असे कागद आणखी शोधायचे.

८ जुलै, मंगळवार

अडखळणाऱ्या पाच-सहांचं काय करायचं हा प्रश्न दोन आठवडे टाळला जात होता. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी १९८६ साली एक साधी मांडणी केली. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींतलं एक शून्य असेल तर दुसरं कितीही मोठं असलं तरी हाती शून्यच.

आपल्या लिपीमुळे ही गोष्ट झाकली जाते. बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा बसली की मूल काहीही मोठ्यानं वाचून दाखवू शकतं, शेअर बाजाराचं पान किंवा कोर्टाची नोटीससुद्धा. स्पेलिंगचा अडथळा नसल्यामुळे आवाज लवकर सुटतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, झालं. उलट बाजूला दाराजवळच्यासारखी मुलं: भाषा भरपूर, पण रफार आला की गाडी अडली.

म्हणून दोन कामं वेगळी केली. अडखळणाऱ्यांना मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं अक्षरांचं वेगळं काम: जोडाक्षरं, रफार, अनुस्वार. पण सकाळच्या पंधरा मिनिटांतून सुटका नाही. मी उताऱ्याखाली पट्टी फिरवत मोठ्यानं वाचते, ते डोळ्यांनी सोबत येतात, आणि प्रश्न त्यांनाही तोच. सोपा प्रश्न देऊन दया दाखवायची नाही. अक्षर कच्चं म्हणून वर्षभर ‘कमल घर बघ’ वाचायला लावलं तर विचार करायची संधी कधी मिळायची त्यांना?

१२ जुलै, शनिवार

पानशेतचा दिवस. १२ जुलै १९६१ला बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण सकाळी फुटलं, तो लोंढा खडकवासल्याला सोसला नाही, आणि दुपारपर्यंत पाणी पुण्यात, नदीकाठच्या पेठांमध्ये. एवढंच उताऱ्यात. प्रश्न: धरण फुटल्यापासून पाणी येईपर्यंत शहरातली माणसं काय करत असतील?

पहिली अडचण भूगोलाची. पानशेत वर आणि खडकवासला खाली, हे माहीत नसेल तर एक फुटलं म्हणून दुसरं का फुटलं हे कळायचा मार्गच नाही. फळ्यावर आंबी आणि मुठा काढली, दोन धरणं काढली, शनिवारवाडा काढला. मग वाक्यं आपोआप उभी राहिली.

उत्तरं: पळत असतील. सामान माळ्यावर टाकत असतील. “मोबाईल नव्हते ना बाई, मग कुणाला कळलंच नसेल.” “पोलीस सांगत फिरत असतील.” “काही जण बघायला गेले असतील.” हे शेवटचं ऐकून मी थांबले, कारण पूर बघायला पुलावर जाणं हा आमचा पुणेरी स्वभाव नऊ वर्षांच्या मुलीनं ओळखला होता. फळ्याखालचा म्हणाला, त्याच्या मित्राचे आजी-आजोबा गोखलेनगरला राहतात, आणि ती वसाहत पुरानंतर बसली असं ते सांगतात. बरोबर आहे ते. शनिवारची अर्धी शाळा, पंधराची पस्तीस मिनिटं झाली. गणित सोमवारी.

१९ जुलै, शनिवार

पालकसभा. आया जास्त, वडील मोजके.

“बाई, आम्हाला अभ्यास घेता येत नाही.” हे सगळ्यात आधी आलं, आणि मान खाली घालून आलं. मी म्हटलं, अभ्यास घेऊच नका. पोळ्या लाटताना एवढंच म्हणा, आज काय वाचलंस ते सांग. तो सांगताना मध्ये एकदा विचारा, ‘मग?’ आणि एकदा, ‘असं का केलं असेल त्यानं?’ बस.

एकीनं नेमकं विचारलं, “तो चुकीचं सांगत असला तर मला कसं कळणार?” कळायची गरज नाही. तुम्हाला त्याचं बोलणं समजलं नाही तर सरळ म्हणा, ‘मला नाही समजलं, परत सांग.’ आईला समजावून सांगायचं म्हणून मूल परत मागं जातं, कोण कुठं होतं ते जुळवतं. न वाचता येणारी आई या कामाला कमी नाही. उलट तिला पुस्तकात डोकावून दुरुस्त करायचा मोह होत नाही.

एक वडील: “हे सगळं ठीक, पण इंग्लिश कधी?” अंदाज बांधत वाचणं, अडलं की थांबून मागं जाणं, या सवयी एका भाषेत लागल्या की दुसऱ्या भाषेत सोबत येतात, नवी शिकावी लागतात ती अक्षरं आणि शब्द. त्यांना पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

३० जुलै, बुधवार

आजची नोंद लांबणार.

उतारा: जुन्नरच्या शेतकऱ्याचा कांद्याचा ट्रक पहाटे मार्केट यार्डात येतो. त्या दिवशी आवक फार असते. दुपारपर्यंत भाव उतरतो. शेतकरी तरीही माल विकून गावी जातो. प्रश्न: भाव उतरला होता, तर त्यानं कांदा परत का नेला नाही?

खिडकीवाली, वर्गातली सगळ्यात सफाईदार वाचणारी, म्हणाली, “त्याला पैसे पाहिजे होते.” चूक नाही. पण तिथंच थांबली.

दाराजवळचा उभा राहिला आणि बोलतच सुटला. परत न्यायचा तर ट्रकचं भाडं दुसऱ्यांदा. उतरवायची हमाली, परत चढवायची हमाली. तोलाई वेगळी. पावसाळा आहे, कांदा ओला झाला की सडतो. आणि उद्या भाव चढेल हे कुणी सांगितलं? उद्याही ट्रक येणारच ना. त्याचे वडील तिथंच पाठीवर पोती वाहतात. त्याला तो उतारा वाचायला सगळ्यांच्या दुप्पट वेळ लागला होता, आणि समजला होता सगळ्यांच्या दुप्पट.

याला आधार आहे. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे ‘आकलन कौशल्य’ अशी एक सुटी वस्तू डोक्यात बसवता येत नाही. विषयाची माहिती असली की तेच मूल हुशार, नसली की तेच ढ. शिकवणीवाले आकलनाचे पन्नास उतारे, पन्नास विषयांचे, एकापाठोपाठ सोडवून घेतात. त्यातून उत्तर शोधायची सफाई तेवढी वाढते. मुलाला कुठल्याच विषयात घर मिळत नाही.

तेव्हा बदल: आठवडाभर एकच विषय. सोमवारचा उतारा शुक्रवारच्या उताऱ्याला कामी आला पाहिजे. पुढचा आठवडा बाजाराचाच: लिलाव कसा होतो, शीतगृह कशाला लागतं, कोथिंबिरीची जुडी सकाळी महाग आणि रात्री स्वस्त का. त्यानंतर नदी. मग टपाल. मग गणपतीची मूर्ती, शाडू आणि प्लास्टर.

दाराजवळच्याला आज वर्गानं टाळ्या दिल्या. मी सांगितलं नव्हतं.

६ ऑगस्ट, बुधवार

‘अमावास्येची रात्र होती. सिंहगडाच्या पायवाटेवर लख्ख चांदणं पडलं होतं. चंद्राच्या उजेडात दगड न् दगड दिसत होता. बॅटरी घरी राहिली तरी आजोबा न अडखळता वर पोचले.’

विचारलं, काही खटकलं? “आजोबा बॅटरी विसरले.” “रात्री गडावर जाऊ देत नाहीत.” अमावास्येला चंद्र कुठून आला, हे फक्त दोघींच्या लक्षात आलं. बाकीच्यांना अमावास्या माहीत नाही असं नाही. नारळ कधी फोडायचा ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. एक वाक्य वाचलं की ते खाली ठेवून पुढचं उचलायचं, दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघायची सवयच नाही. एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली विसंगत मजकूर देऊन हेच तपासलं होतं, आणि तिथली मोठी मुलंसुद्धा खुशाल पुढं गेली होती. आपल्याला कळलेलं नाही हे कळणं, हीच मोठी पायरी.

म्हणून आठवड्यातून एखाद्या दिवशी उताऱ्यात खोट पेरायची. कुठल्या दिवशी, ते सांगायचं नाही. सापडली तर सापडवणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी फळ्यावर वार-दिनांक लिहायचा. एवढ्या बक्षिसावर मुलं डोळ्यांत तेल घालून वाचतायत. खोट नसलेल्या दिवशीही शोधतात, आणि ते तर आणखी चांगलं, कारण ‘नाही, सगळं जुळतंय’ म्हणायलाही दोनदा वाचावं लागतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

वाक्य अर्धं सोडून पुढं काय येईल विचारलं. ‘जोराचा पाऊस पडत होता, तरीही…’ बऱ्याच जणांनी भरलं: ‘शाळेला सुट्टी मिळाली.’ अवघड शब्दांचे अर्थ आपण फळ्यावर लिहून देतो. मुलं पडतात ती तरीही, मात्र, अन्यथा, खेरीज यांच्यावर, आणि हे शब्द कुठल्याच शब्दार्थांच्या यादीत नसतात. रोज एक अर्धं वाक्य, रांगेत उभं असताना. वर्गात नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. मूर्तीचा आठवडा आजच संपवला. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते आणि प्लास्टरची तशीच राहते, एवढं वाचून कपाटाशेजारचीनं विचारलं, “मग प्लास्टरची स्वस्त का?” प्रश्न तिचा होता, माझा नव्हता. जूनपासून पहिल्यांदा कुणीतरी उताऱ्याला उलट प्रश्न केला.

११ सप्टेंबर, गुरुवार

कपाटाशेजारचीचा तो प्रश्न डोक्यात होता. प्रश्न मीच का काढायचे? पॅलिंक्सर आणि ब्राऊन या संशोधकांच्या १९८४च्या पद्धतीवरून असं ठरवलं: चार जणांचा गट, चार कामं. एकानं पुढं काय येईल त्याचा अंदाज करायचा, एकानं प्रश्न विचारायचा, एकानं अडलेलं सोडवायचं, एकानं थोडक्यात सांगायचं. कामं आळीपाळीनं फिरतात आणि ज्याची पाळी तो गटाचा मास्तर. चिठ्ठ्या करून वाटल्या.

गोंगाट इतका की शेजारचे सर दारात येऊन उभे राहिले. ‘मास्तर’ होण्यावरून दोन गटांत भांडणं. पण प्रश्न विचारणाऱ्यांकडे बघण्यासारखं होतं. आधी सगळ्यांनी उताऱ्यातच उत्तर असलेला प्रश्न काढला आणि गटातल्यांनीच त्यांना हाणून पाडलं: “हे तर लिहिलंय की!” थोडक्यात सांगणं सगळ्यात अवघड. मुलं उतारा पहिल्यापासून म्हणायला लागतात. तिथं एक अट घातली: फोनवर बॅलन्स संपत आलाय, एकाच वाक्यात सांग.

चारही कामं रोज पंधरा मिनिटांत बसत नाहीत. शुक्रवारी गट, बाकी दिवशी फक्त प्रश्न काढणं, जोडीनं.

२४ सप्टेंबर, बुधवार

‘मामी आणि दादा लक्ष्मी रोडला गेले. दुकानात खूप गर्दी होती. शेवटी कंटाळून बाहेर आली आणि पायरीवर बसली.’ कोण बसलं? “दोघं.” मराठीत कर्ता गाळायची मुभा आहे, मग माणूस शोधायचा तो क्रियापदाच्या शेपटावरून. बोलताना हे कुणालाच सांगावं लागत नाही. वाचताना मात्र नजर नामांवरच फिरते. घरी कानडी बोलणाऱ्या मुलांना हे मुद्दाम दाखवावं लागलं, आणि एकदा दाखवल्यावर तीच सगळ्यांत चोख पकडतात.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन. डॉ. कलाम यांचा जन्मदिवस म्हणून राज्यात २०१५ पासून हा साजरा होतो. आमच्याकडेही झाला: भाषण, फोटो, फोटोसाठी प्रत्येकाच्या हातात पुस्तक, फोटो झाल्यावर पुस्तकं परत.

परत देऊ नका म्हटलं. दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे, प्रत्येकानं एक घरी न्यावं. “हरवली तर?” हा प्रश्न अपेक्षित होता. कपाटात बंद राहून वाळवी लागली तर ती हरवल्यात जमा होत नाही का, हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, नोंद मी ठेवते, जबाबदारी माझी. कुलूप निघालं.

कपाटातली पुस्तकं सगळ्यांना पुरेनात. ‘किशोर’ कामी आला. सेनापती बापट रस्त्यावरच्या आपल्या बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून चालू आहे आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. त्यातल्या निवडक गोष्टी आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या काही मराठी गोष्टी झेरॉक्स करून टाचल्या. तिथल्या गोष्टींना पातळी दिलेली असते, अडखळणाऱ्यांसाठी निवडायला बरं पडलं.

सुट्टीचा अभ्यास म्हणून एकच: जे न्याल ते कुणाला तरी सांगून या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बहुतेक पुस्तकं परत आली. एकावर चकलीच्या तेलाचा डाग, म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी वाचलं गेलं. त्या डागाची मी नोंद केलेली नाही. दोन गावाला राहिली, बीडला आणि कलबुर्गीला.

कुणी वाचलं, कुणी नाही, हे विचारत बसले. वाचनाची आवड किंवा घरातलं शिक्षण यावरून अंदाज बांधता आला नसता. ज्यांनी वाचायची वेळ कशाला तरी बांधली होती त्यांचं झालं: संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की, दुपारी आजी आडवी झाली की, रिक्षा दारात लागली की. ‘वेळ मिळेल तेव्हा’वाल्यांना वेळ मिळाला नाही. फळ्याखालचानं तर एकच गोष्ट आजीला चार-पाच वेळा सांगितली. आजीला अक्षरओळख नाही, पण तिला ती खोटी वाटत होती. “ती म्हणायची, असं कुठं असतं का, परत बघ काय लिहिलंय.” मी वर्गात जे घडवायला उतारे लिहीत बसते ते त्या बाई अंथरुणावर पडून करून घेत होत्या.

३ डिसेंबर, बुधवार

तपासणी. निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत मुलानं अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीनं, अर्थ समजून वाचावा असं त्यात म्हटलंय. ‘अर्थ समजून’ हे त्यात लिहिलेलं आहे. घड्याळ लावलं की ते पहिलं गळतं, कारण घड्याळाला ते मोजता येत नाही. मुलं पाढे म्हटल्यासारखी पळायला लागली.

वेगाला माझा विरोध नाही. फारच सावकाश वाचलं तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते, आणि दाराजवळचाची गती वाढली म्हणूनच आता तो माझ्या पट्टीशिवाय वाचतो. पण एका मर्यादेनंतर वेग हे ध्येय उरत नाही.

खिडकीवालीचा नंबर आला. निम्म्यात थांबली. साहेब म्हणाले, वाच वाच, वेळ चाललाय. ती म्हणाली, “सर, वर लिहिलंय शाळा नदीच्या पलीकडे आहे आणि खाली तो नदी न ओलांडताच शाळेत गेला. नदी कुठं गेली?” त्या छापील उताऱ्यात खरोखरच तसं होतं. साहेबांनी कागद हातात घेऊन वाचला, हसले, आणि तक्त्यात तिचा आकडा होता तो लिहिला. वर्गातल्या बऱ्याच जणांपेक्षा कमी.

२२ डिसेंबर, सोमवार

निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण होतं, सकाळचा वर्ग शेजारच्या सरांनी सांभाळला. उतारा मी कार्डशीटवर लिहून ठेवला होता, प्रश्न ठेवायला वेळ झाला नव्हता. सर सांगत होते, मुलांनी जोड्या केल्या, वाचलं, स्वतःच प्रश्न काढले आणि त्यांतला एक चक्क सरांना विचारला. “मला नाही आलं उत्तर,” असं सर म्हणाले, आणि मग चहा ओतता ओतता, “तुमचे ते उतारे शिल्लक आहेत का? तिसरीला चालतील?”

बाजाराचा आणि पाण्याचा गठ्ठा दिला. तिसरीला शंभर शब्द जड होतील, निम्मे करा म्हटलं. प्रश्न मात्र कापू नका.

जानेवारीचे आठवडे लावलेत: विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, पीएमपीच्या बसचं वेळापत्रक. बिलं मुलांनाच घरून आणायला सांगितलीत. ग्राहक क्रमांक आणि नाव झाकायला चिकटपट्टी लागेल, ती उद्या आणायची.